शेती पण जुगारच ना?

प्रश्न: ताई, माझा भाऊ रोज मटक्याला शंभर रुपये लावतो. अडवलं की म्हणतो, कापूस लावणं पण जुगारच आहे की, पाऊस आला तर आला. मला उत्तरच सुचत नाही. काय सांगू?

उत्तर: अगं त्याचं अर्ध खरं आहे, शेतीत रिस्क आहेच आणि ती कोणी नाकारू नये. पण मटक्याचा हिशोब त्याच्याकडूनच कागदावर करून घे. सिंगल म्हणजे एकच आकडा, तसे आकडे दहा, लागला तर साधारण नऊपट मिळतात, जोडी म्हणजे दोन आकडे, तशा जोड्या शंभर आणि भाव नव्वदपटीच्या आसपास, म्हणजे शंभर रुपयातले दहा सरासरी गेलेच समज, रोजचे शंभर धरले तर वर्षाचे साडेतीन हजारांच्या वर, आणि हरलेले भरून काढायला आकडा वाढवला की विचारूच नको. कितीही डोकं लावलं तरी ते दहा कमी होत नाहीत. कापसात मात्र तुरीचं आंतरपीक घेता येतं, पेरणी लांबवता येते, विमा काढता येतो. (मटका सुरू झाला तोच मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर पैसे लावण्यातून, हे पण त्याला सांग.)

भांडू नकोस, उधारी किती झालीय ते मात्र आधी शांतपणे विचार, कारण माणसं तीच लपवतात. आणि ती फेडायला परत पैसे हातात देऊ नकोस बाई. सुटतच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, पहिला फोन तूच कर.