ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी उचलून नेताना झालेले नुकसान : दाद कोणाविरुद्ध मागावी?

आपल्या पत्रानुसार, कासारवडवलीजवळ बंद पडलेली आपली ऑल-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी) गाडी विमा कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सने, म्हणजे रस्त्यावरील मदत सेवेने, पाठवलेल्या टोइंग व्हॅनने पुढची चाके उचलून आणि मागची रस्त्यावर फिरती ठेवून थेट तुर्भ्याच्या वर्कशॉपपर्यंत नेली. आता ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा भाग) निकामी झाल्याचे वर्कशॉप सांगते, विमा कंपनी ‘यांत्रिक बिघाड’ म्हणून दावा नाकारते आणि टोइंगवाला ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेल्या पावतीवरील आपली सही दाखवतो.

सर्वप्रथम, ट्रान्सफर केस इतक्यात उघडू देऊ नका. विमा कंपनी व टोइंगवाला या दोघांनाही लेखी पूर्वसूचना देऊन परवानाधारक सर्व्हेअरकडून तपासणी करून घ्या, कारण पुढे सगळा वाद नुकसान टोइंगमुळे झाले की आधीच होते, यावरच होणार आहे. अशा गाडीत पुढची व मागची चाके एकाच यंत्रणेने जोडलेली असल्यामुळे एक जोडी थांबलेली आणि दुसरी फिरती राहिली की आतले भाग तापून जळतात, आणि इंजिन बंद असल्याने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा तेलपंपही चालत नाही. म्हणूनच चारही चाके जमिनीपासून वर ठेवून, शक्यतो फ्लॅटबेडवर (सपाट फलाटाच्या ट्रकवर) गाडी न्यावी, असे उत्पादक सांगतात. आपल्या मॅन्युअलमधील ते पान या प्रकरणातला सर्वांत वजनदार कागद ठरेल. मदतीसाठी केलेल्या फोनची नोंद आणि व्हॅनला लटकलेल्या गाडीचे मुलाने काढलेले फोटो मूळ मोबाइलमध्येच राहू द्या.

यांत्रिक बिघाड पॉलिसीतून सहसा वगळलेला असतो, त्यामुळे दावा नाकारण्यावर भांडत बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली तक्रार सेवेतील त्रुटीची आहे. मदत सेवेसाठी आपण वेगळा प्रीमियम भरला असल्याने ती फुकट होती, असे म्हणता येणार नाही. गाडीचे मॉडेल कंपनीच्या नोंदीत असताना चुकीची व्हॅन पाठवली गेली, म्हणून कंपनी व टोइंगवाला दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५१ नुसार दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतलीच पाहिजे, आणि एका छापील ओळीने ही जबाबदारी आपोआप संपते, असे मी मानत नाही.

आधी दोघांनाही लेखी नोटीस पाठवा; तिला समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली, आपण ठाण्यात राहत असल्याने, ठाणे जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार करता येईल; मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तपासणी झाल्यावर दुरुस्ती जरूर करून घ्या, मात्र बदललेले सुटे भाग वर्कशॉपच्या सहीशिक्क्यासह आपल्या ताब्यात ठेवा.