ला होयाच्या बीचवर सीलजवळ जाताना व्हॉलंटिअर अडवतात, त्यांना तसा अधिकार असतो का? आणि सीलचं पिल्लू एकटं दिसलं तर काय करायचं?

अधिकार शून्य. आम्ही व्हॉलंटिअर दंड करू शकत नाही, कुणाला हाताला धरून बाहेर काढू शकत नाही, फार तर लाइफगार्डला नाहीतर रेंजरला बोलावतो. तुम्ही लिहिलंय की सीलपासून लांब राहावं म्हणून बांधलेल्या दोरीपलीकडे निघालो तर एक बाई येऊन लेक्चर द्यायला लागली, आम्ही काय सीलला हात लावणार होतो का. ती बाई मी असूही शकते, कारण रविवारी सकाळी मी सॅन डिएगोच्या ला होयातल्या त्या चिल्ड्रन्स पूलवरच, म्हणजे समुद्रात भिंत घालून केलेल्या छोट्या बीचवरच, उभी असते. आणि ते "हात लावणार होतो का" मी आमच्या दादाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तरच लिहिते.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, बे एरियात असतो, प्रत्येक बोर्डावरचा बारीक टाइप वाचणारा माणूस. ऑक्टोबरमध्ये वहिनी आणि मुलांना घेऊन आमच्याकडे आला होता. मी नाश्त्यालाच सांगितलं होतं, की दोरीच्या अलीकडून बघायचं. तिथे गेल्यावर ह्याच्या लक्षात आलं की दोरीत एका ठिकाणी गॅप आहे. तो असतोच, पोहणाऱ्यांना आणि डायव्हर लोकांना पाण्यात जाता यावं म्हणून, आणि त्या दिवसांत बीच कायद्यानं उघडाच असतो. म्हणजे दादाचं तेवढं बरोबर होतं, आणि तीच तर गोची आहे. मी एका आजोबांना स्कोपमधून, म्हणजे स्टँडवरच्या दुर्बिणीतून, सील दाखवत होते तेवढ्यात हा धाकट्याला घेऊन, फोन उंच धरून, गॅपमधून सरळ चालत निघाला.

आधी दोनतीन डोकी वर झाली. तिथेच थांबायचं असतं, सीलनं मान उचलून तुमच्याकडे बघितलं म्हणजे त्याची झोप मोडलीच. हा म्हणतो, "बघ बघ, आपल्याकडे बघतोय!" आणि अजून चार पावलं. मग पाण्याजवळचा एक घसरत घसरत आत गेला आणि त्याच्यामागे अख्खा बीच रिकामा, एक उरला नाही. वर कठड्याला टेकून उभी असलेली लोकं, कुणी कुणी तर कुठून कुठून आलेली, सगळ्यांनी एकदम आवाज काढला, वहिनी तर ओळख नसल्यासारखी आइस्क्रीमच्या दिशेनं चालायला लागली. आणि दादा वर येऊन मलाच म्हणतो, मी हातसुद्धा लावला नाही!

अरे पण हात लावायचा प्रश्नच नाहीये ना. १९७२ चा सागरी सस्तन प्राण्यांचा केंद्रीय कायदा आहे इथे, त्यात प्राण्याची झोप, पिल्लाला पाजणं, असलं काही मोडू शकेल असं वागणं हाच त्रास देणं धरतात. हार्बर सील, म्हणजे ह्या बीचवरची सीलची जात, वाळूवर येतात ते टाइमपास म्हणून नाही. पाण्यात शरीराची उष्णता जाते, शिकार करून दमलेले असतात, वर्षातून एकदा अंगावरची लव बदलते तेव्हा तर जास्त वेळ बाहेर राहावं लागतं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दर अर्ध्या तासानं कुणीतरी येऊन सेल्फीसाठी उठवलं तर कसं वाटेल. पिल्लांच्या दिवसांत हीच पळापळ झाली तर पिल्लू खाली चिरडतं किंवा आईपासून तुटतं, आणि आई पाजते जेमतेम चार ते सहा आठवडे, त्यातच त्याला तब्येत करायची असते.

दादाचा दुसरा मुद्दा दर गणपतीत निघतो, की १९३१ मध्ये एलन ब्राउनिंग स्क्रिप्सबाईंनी पैसे दिले आणि ती भिंत बांधली ती लहान मुलांना सुरक्षित पोहता यावं म्हणून, मग सीलनी अतिक्रमण केलंय. अर्धं खरं. पण भिंतीत पाणी खेळतं राहायला ठेवलेली भोकं बंद झाली, वाळू साठत गेली आणि पूल बराचसा बुजला, हे काय सीलनी केलं का? सील मोठ्या संख्येनं यायला लागले १९९० नंतर. दादा स्वतः सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याला हे मी सांगावं! २००५ मध्ये कोर्टानं वाळू काढून पूल पूर्वीसारखा करा म्हणून आदेश दिला होता, ती बातमी तो फॅमिली ग्रुपवर टाकतो. त्यानंतर २००९ मध्ये राज्यानं कायदाच बदलून ती जागा सीलसाठीही ठेवायची मुभा दिली, २०१४ पासून १५ डिसेंबर ते १५ मे बीच पूर्ण बंद असतो, त्याच्यावरही केस झाली आणि २०१८ मध्ये अपील कोर्टात बंदीच्या बाजूनं निकाल लागला, हे मात्र त्याच्या फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. त्या पाच महिन्यांत खाली उतरलात तर दंडाची पावती मिळू शकते, तेव्हा व्हॉलंटिअरशी हुज्जत घालू नका.

आणि गंमत म्हणजे हाच माणूस वेळासला कासव महोत्सवाला गेला होता तेव्हा दोरीमागे गुपचूप उभा होता, गावातल्या पोरांनी मागे सरका म्हटलं की सरकत होता, परत आल्यावर आम्हाला कौतुकानं सांगत होता की काय सुंदर शिस्त आहे. म्हणजे कोकणातली दोरी ती शिस्त, आणि इथली ती दादागिरी.

पिल्लाचं विचारलंय तर, बहुतेक वेळा आई खायला गेलेली असते, तुम्ही जवळ उभे राहिलात तर ती परत येत नाही. पाण्यात ढकलू नका, अंगावर पाणी ओतू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून गाडीत तर अजिबात घालू नका. लांब थांबून लाइफगार्डला सांगा, ते सी वर्ल्ड ह्या इथल्या सागरी प्राण्यांच्या पार्कच्या रेस्क्यू टीमला बोलावतात.

आता एक कबूल, आमच्यातले काही जण ओरडतात, तेही दुरून, आणि त्या आवाजानंच सील पळतात. त्या बाईंनी तुमच्या मुलांसमोर आवाज चढवला असेल तर चुकलंच त्यांचं. हे सगळं मी हार्बर सीलबद्दल लिहिलंय, पलीकडे पॉइंट ला होयाला असतात ते सी लायन, सीलसारखेच पण वेगळे प्राणी, ते चारी पायांवर चालत अंगावर येऊ शकतात, तिथे वेगळी बंदी आहे. हवाईला मंक सील ह्या तिथल्या दुर्मिळ जातीपासून ५० फूट लांब राहायला सांगतात, आई-पिल्लू असेल तर १५०. २०२१ मध्ये तिथे हनिमूनला आलेल्या एका बाईनं मंक सीलला हात लावून व्हिडिओ टाकला तर ५०० डॉलर दंड झाला, आणि पुढच्याच वर्षी वायकिकीजवळ कायमाना बीचवर पोहणाऱ्या एका बाईला पिल्लाच्या आईनं चांगलंच जखमी केलं. तिनेही हात लावला नव्हता दादा, नुसती पोहत होती.

जायचंच असेल तर सकाळी लवकर जा, पार्किंग मिळतं. स्कोप आमच्याकडे असतो, फुकट दाखवतो, मुलांसाठी खालती स्टूल पण ठेवलेलं असतं.