सरकारला नकोसा झालेला पेपर बंद न करता गप्प कसा करता येतो?

प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ जोडली आहे: "आणीबाणीत सेन्सॉर बसवले होते हे माहीत आहे, पण एरवी, कायदे-कोर्टं जागेवर असताना, सरकारच्या हातात असतं तरी काय?"

बरंच काही असतं. कागद असतो, पानं असतात, वीज असते आणि जाहिरातीचं बिल असतं. मी एका जिल्ह्याच्या गावी छोट्या दैनिकात एकवीस वर्षं काढली. आधी मुद्रितशोधक, मग उपसंपादक, आणि माणसं कमी झाल्यावर बातम्या लावून झाल्या की जाहिरातींची बिलंही मीच करायचो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला अग्रलेखाच्या टेबलावर कमी आणि बिलबुकात जास्त सापडलं. पण माझं नंतर सांगतो. आधी पुण्याचं एक प्रकरण ऐका, कारण मराठी वाचकालाच ते फारसं माहीत नसतं.

१९५६ साली संसदेनं वर्तमानपत्रांची किंमत आणि पानं यांची सांगड घालणारा कायदा केला. १९६० साली त्याखाली आदेश निघाला. मथितार्थ एवढाच की अमुक किमतीला आठवड्यात अमुकच पानं द्यायची. जास्त द्यायची असतील तर किंमत वाढवा. 'सकाळ' तेव्हा ७ नव्या पैशांना मिळायचा. पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, म्हणजे रविवार सोडून आठवड्याला ३४ पानं. रविवारचा अंक दहा पानांचा, त्याला १२ नवे पैसे. आदेशातला तक्ता लावला तर ७ पैशांत ३४ ऐवजी २४ पानंच बसत होती. म्हणजे एक तर आठवड्याला दहा पानं कापा, नाहीतर किंमत चढवा आणि गिऱ्हाईक गमवा.

आता यात कुठे कुणाचं तोंड दाबलंय? एकही बातमी अडवलेली नाही, एकाही संपादकाला नोटीस नाही. आदेश वाचला तर किराणा दुकानातल्या भावफलकासारखा वाटतो. पण ज्यानं पेपराचं पान लावलंय त्याला कळतं की आठवड्याला दहा पानं गेली म्हणजे काय जातं. आधी तालुक्याच्या बातम्या जातात. मग वाचकांची पत्रं. जाहिराती काढाव्यात म्हटलं तर पैसा जातो, आणि पैसा गेला की पुन्हा किंमत वाढवायची पाळी येते.

'सकाळ'चे संस्थापक डॉ. ना. भि. परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, १९३२ साली पेपर सुरू केलेला. 'सकाळ' थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. यातला मला सगळ्यात आवडणारा भाग असा की 'सकाळ'च्या दोन वाचकांनीही आपापल्या याचिका लावल्या. विचार करा, पेपराची पानं कमी होणार म्हणून साधा वाचक दिल्लीच्या कोर्टात! आपण आज पेपर दोन दिवस आला नाही तर पोऱ्याला फोनसुद्धा करत नाही.

सप्टेंबर १९६१ मध्ये पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, निकालपत्र न्या. मुधोळकरांनी लिहिलं. सरकारची बाजू अगदीच लंगडी नव्हती, हेही सांगायला हवं. बड्या भांडवलाचे पेपर स्वस्तात जाडजूड अंक देतात आणि छोट्यांना खाऊन टाकतात, त्यांना आळा घालायचाय, असं सरकारचं म्हणणं होतं. ही कल्पना मुळात न्या. राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस कमिशननं सुचवलेली होती, कुणा मंत्र्याच्या रागातून ती निघालेली नव्हती. खरं सांगू, मी त्या काळी आमच्यासारख्या चार पानी पेपरात असतो तर या कायद्याला टाळ्या वाजवल्या असत्या. शेजारी मोठं दुकान उघडलं की किराणावाला जसा सरकारकडे बघतो, तसं आम्हीही बघितलं असतं.

कोर्टानं तो कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. राज्यघटनेत धंद्यावर सार्वजनिक हितासाठी बंधनं घालता येतात. बोलण्या-लिहिण्यावर मात्र कलम १९(२) मध्ये मोजून दिलेल्या कारणांसाठीच घालता येतात आणि त्या यादीत 'सार्वजनिक हित' असं मोघम कारण नाही. सरकार म्हणत होतं, आम्ही फक्त धंद्याला हात लावतोय. कोर्ट म्हणालं, पेपर किती पानांचा आणि किती लोकांपर्यंत जातो हाच त्याच्या बोलण्याचा भाग आहे. धंद्याच्या दारानं आत शिरून तिथं हात घालता येणार नाही. हेतू चांगला असला तरी.

सरकारनं धडा घेतला म्हणता? दहा-अकरा वर्षांत तेच दुसऱ्या दारानं आलं. तेव्हा पेपराचा कागद बराचसा परदेशातून यायचा आणि तो आणायला सरकारचा कोटा लागायचा. १९७२-७३ च्या धोरणात दहा पानांची मर्यादा आली. कोटा उरला असला तरी तो पानं वाढवायला वापरायचा नाही. 'टाइम्स ऑफ इंडिया'ची कंपनी बेनेट कोलमन आणि इतर कोर्टात गेले आणि तेही धोरण ऑक्टोबर १९७२ मध्ये बहुमतानं रद्द झालं. वृत्तपत्राचं स्वातंत्र्य मजकुरातही असतं आणि खपातही, असं त्या निकालात म्हटलंय. बहुमताचा तो निकाल लिहिणारे न्या. अजितनाथ राय पुढच्याच वर्षी तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश झाले, आणि आणीबाणीत नागरिकांना कोर्टाचं दार बंद करणाऱ्या निकालातही ते बहुमताच्या बाजूला होते. माणूस तोच, काळ बदलला की लेखणी कशी वळते बघा.

कागद-पानांचं हे भांडण नवं नव्हतं. इंग्रजांनी संपादकाला तुरुंगात टाकून बघितलं होतं. टिळक-आगरकर १८८२ साली डोंगरीला १०१ दिवस बसून आले, आणि बाहेर आले ते जास्त मोठे होऊन. टिळकांना १८९७ साली दीड वर्ष आणि १९०८ साली सहा वर्षं दिली, तरी 'केसरी' चालूच राहिला. मग १९१० चा प्रेस कायदा आला, त्यात जामीन मागायची सोय होती. छापखान्यानं आधी रक्कम भरायची, काही आक्षेपार्ह छापलं तर ती जप्त, पुढच्या वेळी आणखी मोठी रक्कम. शिवरामपंत परांजप्यांच्या 'काळ'ची वाक्यं अशी असायची की वाचणाऱ्याला रोख कळावा आणि सरकारी वकिलाला पकडता येऊ नये. तो पेपर शेवटी जामिनाच्या मागणीनं बंद पडला. उपरोधाला भाषेतून उत्तर देता येईना, तेव्हा खजिन्यातून दिलं.

आणीबाणीबद्दल तुम्हाला माहीत आहे म्हणता, म्हणून तिथं थांबत नाही. एक गोष्ट तेवढी सांगतो. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज घालवली. सेन्सॉरचा कागद टाइप होईपर्यंत कुणी वाट बघितली नाही. आधी बटण बंद. 'हिंदुस्तान टाइम्स' आणि 'स्टेट्समन' मात्र सकाळी निघाले, कारण त्यांची वीज दुसऱ्या यंत्रणेकडून यायची! सेन्सॉर बसल्यावरही सगळे गप्प बसले असं नाही. मुंबईत मिनू मसानी आपल्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकासाठी उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ साली, ऐन आणीबाणीत, जिंकले. सगळ्या नियतकालिकांना एकाच वाऱ्याच्या दिशेनं शिडं लावायला भाग पाडणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं न्यायमूर्तींनी लिहिलं. मोठ्या पेपरांतल्या कितीकांना ते धाडस झालं नव्हतं.

आता माझ्याकडे येतो.

जिल्ह्यातला छोटा पेपर विक्रीवर जगत नाही. अंकाची किंमत वाटणाऱ्या पोरांच्या कमिशनमध्ये आणि पार्सलात जाते. तो जगतो निविदा, जाहीर नोटिसा, लिलाव, भरतीच्या जाहिराती यांच्यावर. महाराष्ट्रात सरकारी जाहिरातींसाठी पेपरांची यादी असते. खपावरून श्रेणी ठरते, श्रेणीवरून दर, आणि जाहिराती पाळीपाळीनं दिल्या जातात. कागदावर ही व्यवस्था चांगलीच आहे. छोट्यालाही घास मिळावा म्हणूनच ती आहे.

काम कसं चालतं ते सांगतो. जाहिरात छापून आली की मी दुसऱ्या दिवशी अंक टेबलावर पसरायचो, स्टीलची पट्टी लावायची, उंची सेंटिमीटरमध्ये, गुणिले कॉलम. आदेशात १२ सेंटिमीटर म्हटलं असेल आणि आपल्या ऑपरेटरनं १४ लावली असेल तर वरचे दोन आपल्या खिशातून. जाहिरातीभोवती लाल पेनानं चौकट, अंकाच्या प्रती बिलाला जोडायच्या, आदेशाची झेरॉक्स, पोच घ्यायची आणि मग वाट बघायची. पैसे कधी चार महिन्यांनी, कधी मार्च अखेरीला एकदम. कागदवाला, शाईवाला, प्लेटवाला सगळे मार्चकडे डोळे लावून बसलेले.

एका उन्हाळ्यात आमच्या वार्ताहरानं टँकरची बातमी आणली. कागदावर टँकरच्या खेपा जितक्या दाखवल्या होत्या तितक्या गावात पोचतच नव्हत्या. त्यानं दोन गावांत तीन-तीन दिवस झाडाखाली बसून टँकर मोजले होते, वहीत वेळा लिहिल्या होत्या. बातमी पहिल्या पानावर लागली. खुलासा आला नाही, नोटीस आली नाही, फोनही आला नाही.

पुढच्या महिन्यात मी बिलं करायला बसलो तर करण्यासारखं काही नव्हतं. ज्या कार्यालयाच्या निविदा आमच्याकडे नेमानं यायच्या, त्याची एकही नाही. मालक म्हणाले, पाळी चुकली असेल. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मी कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं चहा मागवला, खुर्ची दिली, रजिस्टर उघडून दाखवलं, "तुमचं नाव आहे की यादीत. कामंच नाहीत सध्या, साहेब." त्याच टेबलावर दुसऱ्या पेपरचा त्या दिवशीचा अंक पडला होता, आत पाव पान निविदा. त्यानं मी बघितलेलं बघितलं आणि अंकाची घडी घातली. जुन्या बिलांचं विचारलं तर म्हणाला, एकावर सही राहिलीय.

आता हे कुठल्या कोर्टात नेणार? 'सकाळ'कडे निदान सरकारी आदेश होता, त्यावर क्रमांक होता, तारीख होती. आमच्याकडे न आलेल्या जाहिराती होत्या. न आलेल्या जाहिरातीची झेरॉक्स काढता येत नाही.

आणि हे छोट्यांचंच दुखणं आहे असं समजू नका. जून २०१९ मध्ये केंद्र सरकारनं 'टाइम्स ऑफ इंडिया', 'द हिंदू' आणि 'टेलिग्राफ'च्या जाहिराती थांबवल्याचा आरोप काँग्रेसच्या अधीर रंजन चौधरींनी लोकसभेत केला होता. आयात कागदावरची जकात त्याच वर्षीच्या बजेटमध्ये १० टक्के झाली, पुढच्या वर्षी ५ वर आली. कुणाला गप्प करायला ती लावली असं मी म्हणत नाही, पण कागदाच्या दराचं बटण अजून दिल्लीतच आहे. टीव्हीवाल्यांना कागद लागत नाही, पण परवाना लागतो. केरळच्या 'मीडिया वन' वाहिनीच्या परवान्याचं नूतनीकरण सुरक्षेचं कारण सांगून नाकारलं होतं, आणि कारणाचा तपशील बंद पाकिटात कोर्टाला दिला होता, वाहिनीला नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. सरकारवर टीका केली म्हणून वाहिनीला व्यवस्थाविरोधी ठरवता येणार नाही, असं सांगितलं. म्हणजे कोर्टात गेलं तर दाद लागते, हे १९६१ पासून खरं आहे. जायला वकील, पैसा आणि हातात एक कागद लागतो.

पक्षाचा रंग यात शोधू नका. माझ्या एकवीस वर्षांत सरकारं बदलली, त्या टेबलामागचा बाबूही दोनदा बदलला, रजिस्टर तेच होतं.

आमच्या जाहिराती अकरा महिन्यांनी परत सुरू झाल्या. कुणी माफी मागितली नाही, आम्हीही कारण विचारलं नाही. पहिली जाहिरात आली ती टँकरनं पाणीपुरवठ्याच्या निविदेची, दोन कॉलम, १२ सेंटिमीटर. मी पट्टी लावून दोनदा मोजली. त्या उन्हाळ्यात वार्ताहर पुन्हा त्या दोन गावांकडून जाऊन आला होता, वही त्याच्या पिशवीत होती. त्यानं ती काढली नाही आणि मी मागितली नाही.