नळी वाकते, जोड गळतो

प्रश्न : भाऊ, शेतातून ठिबकची १६ मिमी नळी बरीच उरली आहे. घरातले नळ तिच्यावरच जोडले तर चालेल का? (चोपडा)

कुंड्यांना, परसबागेला खुशाल वापरा. घरातल्या नळाला नको. दाबाची अडचण नाही. टाकी नळापासून ७ मीटर उंच असली तरी दाब जेमतेम ०.७ किलो (दर चौरस सेंमीला) भरतो, तेवढा ती सहज सोसते. अडचण जोडाची आहे. ठिबकचा जोड म्हणजे काटेरी जॉइनर नळीत दाबून बसवायचा, एवढंच. शेतात दोन थेंब गळाले तर झाडालाच मिळतात. भिंतीत तेच दोन थेंब रात्रंदिवस मुरतात. दुपारी नळी तापून मऊ पडली की जॉइनरवरची पकडही ढिली होते. शिवाय आतला व्यास लहान, म्हणून धार बारीक. आणि ज्या नळीतून खतं, अ‍ॅसिड सोडलं ती पिण्याच्या पाण्याला कधीच लावू नका, कितीही धुतली तरी. पिण्याच्या पाण्यासाठी ‘आयएस ४९८४’ (भारतीय मानक क्रमांक) छापलेला एचडीपीई, म्हणजे टणक पॉलिथिनचा, पाइप मागा.

प्रश्न : जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे, मातीच्या भिंती फोडायच्या नाहीत. म्हणून ३२ मिमी काळा एचडीपीई पाइप वरून फिरवला. कॉम्प्रेशन जोड (नट फिरवून बसवायचे) पान्याने आवळले, सोल्युशनही लावलं, तरी गळतात. (अमळनेर)

निवड बरोबर आहे, कारण एकाच अखंड तुकड्यात टाकीपासून न्हाणीपर्यंत जाता येतं. पण सोल्युशन पीव्हीसीचं. पॉलिथिनला ते चिकटतच नाही. या जोडात पाणी अडवते ती आतली रबरी ओ-रिंग. नट फक्त चिरलेली रिंग पाइपावर दाबतो, म्हणून नट कितीही आवळून गळती थांबत नाही.

जोड सोडवा. पाइप अगदी काटकोनात कापा. हॅकसॉने कापला तर कीस पुसून काढा. टोकाची बाहेरची धार चाकूने किंचित उतरवा, नाहीतर आत जाताना ती ओ-रिंग कापते. ओ-रिंग बसते त्या भागावर लांबट ओरखडा असेल तर तेवढा तुकडा टाकूनच द्या. बहुतेक हट्टी गळत्यांचं मूळ हेच असतं. आधी नट, मग रिंग पाइपावर चढवा. रिंगची निमुळती बाजू नटाकडे. किती आत जायचं ती खूण मार्करने करा, टोकाला साबणाचं पाणी लावा (तेल-ग्रीस नको) आणि पाइप ओ-रिंग ओलांडून तळाला टेकेपर्यंत ढकला. नट हाताने फिरवून शेवटी पट्ट्याच्या पान्याने थोडासा आवळा. टेफ्लॉन टेप नटाच्या आट्यांना नाही, नळाच्या आट्यांना लावायची.

दुसरं, पाइप ताणून बसवू नका. १० मीटर पाइप ३० अंशांनी तापला तर सुमारे ६ सेंमी वाढतो. वैशाखात गच्चीवरचा काळा पाइप सकाळ ते दुपार एवढा सहज तापतो. क्लॅम्प सैल ठेवा, आणि मातीत नाही, लाकडी खांबाला किंवा छताच्या कडीला ठोका. वळण ८० सेंमी त्रिज्येपेक्षा लहान हवं असेल तर एल्बो घाला. गुंडाळी उलगडत नसेल तर अर्धा तास उन्हात पसरा; आपल्याकडे त्याची कमतरता नाही. एक न विचारलेलं : ५०० लिटरची भरलेली टाकी अर्धा टन. ती धाब्यावर नको, वेगळ्या लोखंडी स्टँडवर ठेवा.

प्रश्न : दुपारी नळाचं पाणी पोळतं. हाच काळा एचडीपीई पाइप गिझरपर्यंत नेला तर? (भुसावळ)

उन्हातल्या १५ मीटर पाइपात, आतला व्यास २५ मिमी धरला तर, साधारण ७ लिटर पाणी असतं. पहिली बादली पोळत असेल तर दोष पाइपाचा. पाइप सावलीच्या भिंतीने न्या किंवा फोमची नळी चढवा. दहावी बादलीही गरम असेल तर टाकीवर सावली करा.

गिझरला एचडीपीई नको. तो तापला की ताकद घटते. ४० अंशांनाच दाब सोसण्याची क्षमता पाऊण होते. गरम बाजूला सीपीव्हीसी (गरम पाण्याचा पीव्हीसी) पाइप घ्या, ‘एसडीआर ११’ जाडीचा, तो ८२ अंशांनाही सुमारे ७ किलो सोसतो. थंड बाजूचे पहिले दोन-तीन फूटही तोच असू द्या, कारण उष्णता मागे सरकते. मात्र सीपीव्हीसी उघड्या उन्हात असेल तर पाण्यात कालवायचा रंग द्या.

प्रश्न : मोटारीला बागेचा पाइप लावला, तो चपटा होतो. (शहादा)

खेचणाऱ्या बाजूला मऊ पाइप आत ओढला जाणारच. तारेची किंवा कडक वेढ्यांची सक्शन नळी घ्या. ही मोटार थेट नगरपालिकेच्या नळावर असेल तर काढा. ती शेजाऱ्याचं पाणी ओढतेच, फुटक्या जोडातून गटाराचंही ओढते.

प्रश्न : बेसिनखालची स्टीलच्या जाळीची नळी दोनदा फुटली. (जळगाव)

जाळीवर गंजाचे डाग आहेत का बघा. संडास-फरशी धुण्याच्या अ‍ॅसिडची वाफ जाळी खाते, मग आतलं रबर एकटं पडतं. जाळी ३०४ स्टीलची घ्या, अ‍ॅसिडची बाटली तिथून हलवा. नळी पिळून बसवू नका. १८ इंची ताणली जात असेल तर २४ इंची आणा. नट हाताने बसवून वर पाव वेढा पुरे. त्यापुढे वॉशर कापला जातो.