अमेरिकेतले एफ ग्रेड आता निघतील का?

प्रश्न: ताई, मी मालवणचा. एमएसला अमेरिकेत गेलो, दुसऱ्या सेमिस्टरला डिप्रेशन आलं, आठवडेच्या आठवडे रूमबाहेर पडलोच नाही नि दोन विषयांत एफ, म्हणजे नापास. आता घरी आहे, रत्नागिरीच्या डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे. वर्ष झालं, काही होईल का?

उत्तर: अरे, विचारून तर बघ. याला रेट्रोअ‍ॅक्टिव्ह मेडिकल विड्रॉवल म्हणतात, म्हणजे मागच्या तारखेने विषय सोडल्याची नोंद. मंजूर झालं तर सहसा एफच्या जागी डब्ल्यू, म्हणजे 'विषय सोडला', येतो नि तो जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. मुदत प्रत्येक युनिव्हर्सिटीची वेगळी, म्हणून रजिस्ट्रारला आजच मेल टाक. खरी गोम डॉक्टरांच्या पत्रात आहे, नुसतं 'डिप्रेशन आहे' एवढ्यावर भागत नाही, त्या सेमिस्टरच्या तारखा नि तेव्हा अभ्यास का जमला नाही ते हवं. इथल्या डॉक्टरांनी तुला नंतर पाहिलंय ना, मग तिकडे काउन्सेलरला भेटला असशील तर ते रेकॉर्ड मागव. एखाद्या विषयात पास असशील तर 'तो कसा जमला?' विचारतील, उत्तर तयार ठेव. फी परत मिळेलच असं नाही. व्हिसाचं तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार, एजंटला नको. आणि 'परत का आलास?' विचारणारे गावात असतातच, त्यांना शिमग्याला भेट. रात्री जड गेलं तर टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात.