मोबाइलच्या भिंगांचे आरेखन: सॉफ्टवेअरनंतर उरणारे काम

प्रश्न: मी भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. बंद पडलेल्या फोनचा कॅमेरा उलगडताना एकामागोमाग बसवलेली सात इवलीशी प्लॅस्टिकची भिंगे हाती लागली आणि तेव्हापासून भिंगांच्या आरेखनातच करिअर करावे असे वाटते. वडिलांचे म्हणणे असे, की हे काम आता सॉफ्टवेअर करते आणि राहिलेली उणीव फोनमधला प्रोसेसर भरून काढतो. त्यांचे खरे आहे का? नसेल, तर मी काय शिकावे?

उत्तर: तुमच्या वडिलांची शंका रास्त आहे, आणि तिचा निकाल लावल्याशिवाय अभ्यासक्रमांची चर्चा करण्यात अर्थ नाही. सात भिंगांचे चौदा पृष्ठभाग होतात. ते गोलीय नसल्याने प्रत्येकाच्या वक्रतेबरोबर बहुपदीचे अनेक सहगुणकही ठरवावे लागतात, आणि त्यांत जाड्या व अंतरे मिळवली की बदलता येणाऱ्या राशींची संख्या सहज शंभरापलीकडे जाते. गणितज्ञ पेट्झव्हालने 1840 मध्ये आपले पोर्ट्रेट भिंग आखले, तेव्हा त्याने आकडेमोडीसाठी तोफखान्यातील माणसे हाताशी घेतली होती. आज तसला हिशेब संगणक डोळ्याचे पाते लवण्याआधी करतो. परंतु संगणक तुम्ही दिलेल्या आराखड्यापासून सुरुवात करतो आणि ‘मेरिट फंक्शन’मध्ये, म्हणजे आराखडा किती चांगला हे मोजणाऱ्या सूत्रात, तुम्ही जे लिहाल तेवढेच साधतो. जे लिहायचे राहून गेले, त्याची त्याला पर्वा नसते.

काय राहून जाऊ शकते, याचे एक उदाहरण पाहू. नाभीय अंतर 6 मिलिमीटर आणि छिद्र एफ/1.8 असलेल्या भिंगसंचात प्रतिमा स्पष्ट राहण्यासाठी सेन्सर नाभीच्या मागेपुढे साधारण साडेतीन मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हललेला चालतो. आता प्लॅस्टिक तापले की त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचे माप) दर अंशाला सुमारे 0.0001 ने घटतो आणि भिंग प्रसरणही पावते. सगळी भिंगे एकाच प्लॅस्टिकची मानून हिशेब केला, तर 20 अंश तापमानवाढीत नाभी तीसेक मायक्रॉन सरकते, म्हणजे मुभेच्या आठपट. बहिर्गोल आणि अंतर्गोल भिंगांसाठी वेगळी प्लॅस्टिके वापरून, कधी एखादे काचेचे भिंग घालून, आणि उरलेला फरक ऑटोफोकसच्या मोटरवर सोपवून यातून वाट काढावी लागते. कोणता भार कोणावर टाकायचा, हे आरेखकाने ठरवायचे असते.

याहून मोठा प्रश्न टॉलरन्सचा, म्हणजे घडवताना आणि जुळवताना किती चूक चालेल याचा आहे, आणि माझ्या मते या व्यवसायाचा गाभा तिथेच आहे. तुमच्याजवळच्या सात भिंगांपैकी सेन्सरलगतचे भिंग कडेने पाहा: मध्यभागी एका दिशेला वळलेला त्याचा पृष्ठभाग कडेकडे उलट दिशेला वळतो, पंख पसरून तरंगणाऱ्या पक्ष्याच्या आकृतीसारखा. प्रतिमेचे प्रतल सपाट करणे आणि किरणांना सेन्सरच्या कोपऱ्यातही झेपेल अशा कोनात उतरवणे, ही त्याची कामे. पडद्यावर हा आकार सुंदर दिसतो. कारखान्यात मात्र त्यासाठी हिऱ्याच्या टोकाने मोल्ड कोरावा लागतो, वितळलेले प्लॅस्टिक एका बाजूने आत शिरून जाड-पातळ भागांत सारखे पसरावे लागते, आणि थंड होताना आलेला ताण प्रतिमेत उमटू नये हेही पाहावे लागते. त्यानंतर सातही भिंगे एकाच अक्षावर बसवायची असतात. त्यांतले एखादे दोन-तीन मायक्रॉनने सरकले, तरी प्रतिमेचा एक कोपरा मऊ पडू शकतो. म्हणून अनुभवी आरेखक अनेकदा कागदावरच्या सर्वोत्तम आराखड्याऐवजी थोडा उणा, पण चुका पोटात घालणारा आराखडा निवडतो. मोठ्या कॅमेऱ्याचे उत्तम भिंग केवळ आकाराने लहान करून फोनमध्ये का चालत नाही, याचेही हेच उत्तर: भिंग लहान झाले म्हणून यंत्राची चूक त्या प्रमाणात लहान होत नाही.

प्रोसेसरविषयी वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सरळ रेषा वाकणे आणि कोपरे काळवंडणे हे दोष आज सर्रास प्रक्रियेने दुरुस्त होतात, आणि आरेखकही ते थोडे मोकळे सोडून ती सूट स्पष्टतेसाठी खर्च करतो. पण भिंगाने जो बारीक तपशील सेन्सरपर्यंत पोहोचवलाच नाही, तो प्रक्रियेने परत आणता येत नाही; तिथे फार तर अंदाज रेखाटता येतो. थोडक्यात, दोन्ही कामे आता एकत्र ठरतात आणि तुम्हाला दोन्हीकडची भाषा यावी लागेल.

आता अभ्यासाविषयी. पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रकाशशास्त्राचा असा विभाग शोधा, जिथे भूमितीय प्रकाशशास्त्र, विपथनांचा (भिंगामुळे प्रतिमेत येणाऱ्या दोषांचा) सिद्धांत आणि प्रत्यक्ष मापनाची प्रयोगशाळा आहे. केवळ लेझर आणि क्वांटमवर भर देणारा विभाग कितीही नामांकित असला, तरी तुमच्या कामाचा नाही. झायडेलची पाच विपथने एकदा तरी हाताने काढा. टेलरचे 1893 चे तीन भिंगांचे ‘कुक ट्रिप्लेट’ स्वतः रचून पाहा. पायथॉनमधील मुक्त-स्रोत रे-ट्रेसिंग (भिंगांतून जाणाऱ्या किरणांचा मार्ग काढणारी) पॅकेजेस त्याला पुरेशी आहेत. त्यानंतर मोबाइल भिंगांची पेटंटे वाचायला घ्या. त्यांत प्रत्येक पृष्ठभागाची वक्रता, जाडी, अपवर्तनांक आणि सहगुणक कोष्टकात दिलेले असतात आणि ती कोणालाही विनामूल्य वाचता येतात. इतके मोकळे शिक्षण फार थोड्या व्यवसायांत मिळते, आणि विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीत याचे मला नवल वाटते.

नोकऱ्यांबाबत स्पष्टच सांगते: निव्वळ आरेखकांच्या जागा थोड्या आहेत आणि भिंगांचे मोठे उत्पादक प्रामुख्याने तैवान, चीन, जपान व दक्षिण कोरियात आहेत. पहिली नोकरी बहुधा चाचणी, मॉड्यूल-जुळवणी किंवा भरकटलेल्या प्रकाशाच्या विश्लेषणाची मिळेल. ती कमी प्रतीची समजू नका, कारण भिंगे कुठे बिघडतात हे तिथेच कळते. वाहनांचे कॅमेरे, एंडोस्कोप आणि डोळ्यांवर लावायची पडदायंत्रे यांनाही हेच कौशल्य लागते, त्यामुळे एका बाजारावर सारी मदार राहणार नाही.

अंतिम वर्षापूर्वी एक गोष्ट करा. एखाद्या पेटंटमधील भिंगसंच संगणकावर उतरवा, त्यातील प्रत्येक भिंग तीन मायक्रॉनने सरकवून प्रतिमेच्या कोपऱ्यांत काय होते त्याचे कोष्टक तयार करा आणि ते वडिलांनाही दाखवा. ते भरताना सर्वांत नाजूक भिंग कोणते आणि ते तसे का, हे शोधण्यात रात्र सरली, तर खुशाल या वाटेने जा. कंटाळा आला, तर प्रतिमा-प्रक्रियेचा पर्याय निवडा. भिंगांचे हे ज्ञान तिथेही वाया जाणार नाही.