ड्रॅगसाठी बांधलेल्या इंजिनाला पिस्टन रिंग कोणत्या घ्याव्यात?

समजा, तुमची गाडी जुनी होंडा सिटी 1.5 व्हीटेक. ब्लॉक 0.50 मिमी ओव्हरसाइजला बोअर झालाय, म्हणजे सिलिंडर तेवढे मोठे केलेत, फोर्ज्ड (दाबाने घडवलेले) पिस्टन आलेत आणि ड्रॅगमध्ये, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीत, पाव मैल, म्हणजे 402 मीटर पळवायची आहे. मेकॅनिक क्रोमचा थर दिलेली रिंग घाला म्हणतो, दुकानदार मॉली (मॉलिब्डेनमचा थर दिलेली). पण त्याआधी एक गोष्ट ठरवा: पुढेमागे नायट्रस (इंजिनाला जादा ऑक्सिजन पुरवणारा वायू) किंवा टर्बो लावणार आहात का? कारण रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, त्यावर ठरतो, आणि माझ्या मते मटेरियलपेक्षा गॅप जास्त महत्त्वाचा आहे.

रिंग तापली की लांबते. दोन्ही टोकं भिडली की तिला जायला जागाच उरत नाही. मग बोअरला ओरखडे पडतात, पिस्टनची रिंगवरची कडही तुटून येते. उलट गॅप 0.05 मिमी जास्त राहिला तर फारसं काही बिघडत नाही. तेव्हा शंका आली की मोठ्या बाजूला राहा.

तुमचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, आता 75.50 मिमी. नायट्रस-टर्बो नसलेल्या ड्रॅग इंजिनात वरच्या रिंगचा गॅप बोअरच्या साधारण 0.0045 पट धरतात, म्हणजे 0.34 मिमी. टर्बो किंवा जोरदार नायट्रस असेल तर 0.006 पट, म्हणजे 0.45. पिस्टनबरोबर कंपनीचा तक्ता आला असेल तर माझे आकडे सोडा, तक्ता पाळा. दुसऱ्या रिंगचा गॅप वरच्या रिंगपेक्षा थोडा जास्त ठेवतात. दोन रिंगांच्या मध्ये गॅस कोंडला तर वरची रिंग खाचेत उचलली जाते आणि ऐन वरच्या आरपीएमला पॉवर गळते.

आता मटेरियल. क्रोम टणक असते, धुळीत टिकते, पण सिलिंडरच्या भिंतीशी जुळून बसायला वेळ घेते, आणि ड्रॅगच्या इंजिनाला तेवढं रनिंग मिळत नाही. मॉली लवकर बसते, तिच्या बारीक छिद्रांत ऑइल धरून राहतं. फक्त साध्या बिडाच्या रिंगवरची मॉली नको, नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) झालं की ती रिंग तुटते. डक्टाइल आयर्नवरची (सहज न तुटणाऱ्या बिडावरची) घ्या. टर्बो-नायट्रस नक्की असेल तर सरळ नायट्राइड केलेली (नायट्रोजनने पृष्ठभाग टणक केलेली) स्टील रिंग. जाडी मात्र पिस्टनच्या खाचेप्रमाणेच हवी.

पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये मोजा. रिंग आत घालून पिस्टन उलटा करून त्याने खाली ढकला, म्हणजे ती तिरकी राहत नाही. मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा. गॅप कमी भरला तर एकाच टोकाला घासा, बाहेरच्या कडेकडून आत, नाहीतर वरचं कोटिंग निघतं. शेवटी घासलेल्या टोकाची बर (उरलेली धारदार कड) बारीक दगडाने काढा.

होनिंग, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत दगडाने घासून शेवटचं फिनिश देणं, टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावून करून घ्या. हेडचे बोल्ट आवळले की बोअरचा आकार किंचित बदलतो, म्हणून तो ताण देऊनच होन करायचं. मॉलीला फिनिश बारीक लागतं, क्रोमला थोडं खरखरीत, तेव्हा होनिंगवाल्याला रिंग आधी दाखवा. नंतर बोअर गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. पांढरं फडकं फिरवल्यावर काळपट येतंय तोवर धूत राहा, आणि कोरडं झालं की लगेच ऑइलचा हात फिरवा.

पहिल्या रनिंगला साधं मिनरल ऑइल घाला, सिंथेटिक नको. आयडलवर तासन्‌तास ठेवू नका, इंजिन गरम झालं की मध्यम लोड देऊन चालवा. मग लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते पाहणं) करा आणि चारही सिलिंडरचे आकडे लिहून ठेवा, पुढच्या मोसमात तुलनेला लागतील.